मार्बल कॅन्यनवरच्या दोन कमानी

उत्तर अ‍ॅरिझोनातल्या 89ए महामार्गावरून जाताना पुढे दरी आहे याचा अंदाजच येत नाही. तांबूस माळरान, समोर व्हर्मिलियन क्लिफ्सची भिंत, आणि मध्येच जमीन चिरलेली. हीच मार्बल कॅन्यन. तळाशी 142 मीटरवर कोलोराडो नदी. या चिरेवर नवाहो ब्रिज शेजारी शेजारी दोन आहेत, 1929 चा जुना आणि 1995 चा नवा. जुन्याचा रस्ता जेमतेम साडेपाच मीटर रुंद; दोन मोठे ट्रक समोरासमोर आले की पंचाईत. म्हणून वाहनं आता नव्यावरून जातात आणि जुना फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. आपल्या दृष्टीने ही पर्वणीच, कारण एका कमानीवर उभं राहून दुसरी अगदी बाजूने निरखता येते.

दरीत खांब का नाहीत? कारण कमानीला ते लागतच नाहीत. पुलाचं वजन कमानीतून दोन्ही पायांकडे उतरतं आणि पाय बाहेरच्या बाजूला रेटा देतात. हा रेटा पेलायला दोन्हीकडे चुनखडकाचे उभे कडे आयतेच आहेत. जुन्या कमानीचा गाळा, म्हणजे दोन पायांमधलं अंतर, 188 मीटर, उंची 27 मीटर. वजन लांबीभर सारखं पसरलंय असं धरून हिशेब केला, तर प्रत्येक कड्यावरचा आडवा रेटा एकूण वजनाच्या सुमारे 87 टक्के येतो. नव्या कमानीची उंची तेवढीच, पण गाळा 221 मीटर. तिथे तो वजनाहूनही किंचित जास्त होतो. कमान जितकी चपटी तितका रेटा मोठा. खडक कच्चा असता तर इथे ही रचना चाललीच नसती.

दुसरा प्रश्न उन्हाचा. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पोलादाचं तापमान सहज 50 अंशांनी बदलतं. तेवढ्याने 188 मीटर पोलाद सुमारे 11 सेंटिमीटर वाढतं. पण पाय खडकात रोवलेले, लांबी जाणार कुठे? वर. कमानीचा माथा जवळजवळ वीतभर उचलला जातो आणि थंडीत पुन्हा खाली बसतो. म्हणूनच पायांशी बिजागऱ्या असतात. कमान तिथे किंचित फिरू शकली नाही, तर तोच ताण पोलादाला वाकवायला बघतो.

दरीत आधाराचा सांगाडा उभारणं शक्यच नव्हतं. त्यामुळे दोन्ही काठांवरून कमानीचे अर्धे भाग मागे खडकाला बांधून, अधांतरी पुढे वाढवत मध्यावर जोडले. काम चालू असतानाच, जून 1928 मध्ये, नदीच्या वरच्या अंगाला लीज फेरी इथली, माणसं-गाड्या पलीकडे नेणारी होडी उलटली आणि तीन माणसं दगावली. ती होडी पुन्हा सुरू झाली नाही. मग समोरच्या काठावर काही न्यायचं तर जवळजवळ 1,300 किलोमीटरचा वळसा पडू लागला. मधलं अंतर पाव किलोमीटरसुद्धा नाही!

पुलावरून खाली काहीही टाकू नका, खडासुद्धा. हवेचा विरोध सोडला, तर 142 मीटर पडायला 5.4 सेकंद लागतात आणि खाली पोचताना वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतो. ग्रँड कॅन्यनला निघालेल्या रबरी होड्या याच पुलाखालून जातात.

दुर्बीण मात्र जरूर न्या. कॅलिफोर्निया कोंडोर ही प्रचंड गिधाडं पुलाच्या तुळयांवर सावलीला बसतात. 1982 मध्ये जगात हे पक्षी अवघे 22 उरले होते. 1996 मध्ये त्यांना व्हर्मिलियन क्लिफ्सवरून पुन्हा मोकळं सोडलं गेलं. उडताना पंख सपाट आणि पंखांखाली पांढरा त्रिकोण असेल तर कोंडोर. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले आणि अंग डुलत असेल तर तो टर्की व्हल्चर, म्हणजे इथलं दुसरं, लहान गिधाड. पंखावर अंकाची पट्टी दिसली तर शंका उरत नाही. मेलेल्या जनावरातल्या बंदुकीच्या गोळीचं शिसं पोटात जाणं हा आजही या पक्ष्यांचा सर्वांत मोठा घात आहे.

नदीचा रंगही बघण्यासारखा. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणात 1963 पासून गाळ अडतो, म्हणून पाणी एरवी हिरवट, नितळ दिसतं. ते चॉकलेटी दिसलं, तर पुलाच्या वरच्या अंगाला कोलोराडोला मिळणाऱ्या परिया नदीच्या खोऱ्यात पाऊस कोसळला आहे असं खुशाल समजावं.

पेज गावाहून इथे यायला सुमारे 65 किलोमीटर पडतात. गाड्या उभ्या करायला दोन्ही टोकांना जागा आहे, माहिती केंद्र पश्चिमेला, नवाहो कारागिरांचे दागिने पूर्वेला. पुलावर सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जा आणि टोपी-पाणी बरोबर ठेवा. ड्रोनला बंदी आहे. आणि घड्याळ सांभाळा: पूर्वेचा काठ नवाहो नेशनचा, म्हणजे नवाहो या मूळ रहिवाशांच्या स्वशासित प्रदेशाचा, तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, उरलेलं अ‍ॅरिझोना करत नाही. चार मिनिटांत पूल ओलांडलात, की मोबाइल कधी एक वेळ दाखवतो, कधी दुसरी. पुढे बोटीचं किंवा सहलीचं बुकिंग असेल, तर ती वेळ कुठल्या काठाची ते आधीच विचारून घ्या.