हलका विंडो मॅनेजर : चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर इंदूरमधील मराठी घरांत, छोट्या कार्यालयांत व वाचनालयांत एक प्रश्न वरचेवर निघू लागला : दोन-चार जीबी मेमरीचा, विंडोज ११ च्या अटींत न बसणारा, पण अजून धडधाकट असलेला संगणक जेल रोडवर कवडीमोलाने द्यायचा की वापरात ठेवायचा? त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालून ओपनबॉक्ससारखा हलका विंडो मॅनेजर (खिडक्यांची चौकट व जागा सांभाळणारा प्रोग्राम) बसवावा, हा सल्ला योग्यच आहे. मात्र अशी मांडणी म्हणजे पूर्ण डेस्कटॉपची (पट्टी, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज एकत्र देणाऱ्या संचाची) काटछाट केलेली, गरिबीतली आवृत्ती, असा जो समज आढळतो तो इतिहासाला धरून नाही. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातली आहे त्या प्रणालींच्या, जगात स्वतंत्र विंडो मॅनेजर आधी आला आणि पूर्ण डेस्कटॉप नंतर.

याचे मूळ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत आहे. तेथे बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी स्टॅनफर्डमधील ‘डब्ल्यू’ या प्रणालीवरून ‘एक्स’ ही विंडो प्रणाली उभी केली. आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मधील आहे. पडद्यावर रेखाटण्याचे साधन एक्सने पुरवायचे, पण खिडकीला चौकट कशी असावी, ती कोठे उघडावी, कोणत्या कळीने बंद व्हावी हे एक्सने ठरवायचे नाही, असे धोरण रचनाकारांनी जाणीवपूर्वक स्वीकारले. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या एका साध्या, वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवण्यात आले. एखादा प्रोग्राम खिडकी दाखवण्याची विनंती करतो तेव्हा एक्स सर्व्हर (पडद्यावर प्रत्यक्ष रेखाटणारा एक्सचा मुख्य प्रोग्राम) ती परस्पर मान्य न करता विंडो मॅनेजरकडे पाठवतो, मग विंडो मॅनेजर तिला चौकट चढवतो, जागा नेमतो आणि त्यानंतर ती दिसते. हा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत असल्यामुळे दुसरा विंडो मॅनेजर सुरू करू पाहिल्यास तो ‘आधीच एक चालू आहे’ असे सांगून थांबतो. विंडो मॅनेजर बदलला तरी इतर प्रोग्रामांना धक्का लागत नाही, तोही याच विभागणीमुळे. माझ्या मते एक्सच्या साऱ्या रचनेतील हा सर्वांत दूरदर्शी निर्णय होता.

टॉम लास्ट्रेंज यांचा ‘ट्विम’ हा विंडो मॅनेजर १९८७ चा. त्याच्या आधारावर रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये ‘एफव्हीडब्ल्यूएम’ तयार केला, तो मुख्यतः मेमरी वाचवण्यासाठीच. घरगुती संगणकात चार-आठ एमबी मेमरी असण्याचे ते दिवस होते. हलकेपणाची ओढ ही अशी लिनक्सच्या बालपणापासूनची आहे. पुढे १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे पूर्ण डेस्कटॉपचे प्रकल्प सुरू झाले आणि पट्टी, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना हे सर्व एका छापाचे असावे, ही अपेक्षा रूढ झाली. नवख्या माणसाला लिनक्स जवळचे वाटू लागले त्यात या दोन प्रकल्पांचा वाटा फार मोठा आहे. पण त्यांची मेमरीची भूकही वाढत गेली. त्याच सुमारास ब्लॅकबॉक्स व आइसडब्ल्यूएम हे हलके विंडो मॅनेजर, नंतर २००१ मध्ये फ्लक्सबॉक्स आणि २००२ मध्ये ओपनबॉक्स आले. फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स या दोघांचाही उगम ब्लॅकबॉक्समध्ये आहे, मात्र ओपनबॉक्सची तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली. खिडक्या एकमेकींवर न ठेवता पडद्याची विभागणी करणारे डीडब्ल्यूएम (२००६) आणि आय-थ्री (२००९) ही वेगळी शाखा आहे. कळफलकावर हात बसलेल्यांना ती मानवते, घरातील सर्वांसाठी असलेल्या संगणकावर मी ती सुचवणार नाही.

ओपनबॉक्स प्रथम सुरू केला की पडदा रिकामा दिसतो आणि माउसची उजवी कळ दाबल्यावर एक मेनू उघडतो, इतकेच. घड्याळ, वायफायचे चिन्ह, आवाजाचे बटण हे विंडो मॅनेजरचे काम कधीच नव्हते. ते प्रोग्राम ‘ऑटोस्टार्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकेका ओळीने आपण लिहायचे असतात. पट्टीसाठी टिंट-टू, नेटवर्कचे चिन्ह आणि मराठी टंकलेखनासाठी आयबस या तीन ओळी तरी हव्यातच. आयबसची ओळ राहिली तर त्यातून मराठी कळफलकावर जाण्याची सोय मिळत नाही.

मराठी वापरणाऱ्याने निवड करताना शीर्षकपट्टी अवश्य पाहावी. फ्लक्सबॉक्स आणि डीडब्ल्यूएम एक्सएफटी या लायब्ररीने (प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडने) अक्षरे काढतात आणि ती जोडाक्षरांची जुळणी करत नाही. ‘क्षिप्रा’ नावाची फाइल उघडली की क आणि ष हलन्तासह सुटे पडतात, वेलांटी डावीकडे न येता मागे जाते आणि ‘प्र’ फुटतो. ओपनबॉक्स पँगो ही लायब्ररी वापरतो, त्यामुळे तेच नाव नीट दिसते. खिडकीच्या आतला मजकूर दोन्हीकडे ठीक असतो, कारण तो प्रोग्राम स्वतः काढतो. मेमरीचा हिशेबही प्रामाणिकपणे करायला हवा : विंडो मॅनेजर बदलून काहीशे एमबी वाचतात, पण ब्राउझरचे दहा टॅब ती बचत पाहता पाहता खाऊन टाकतात.

एक्स आणि विंडो मॅनेजर यांची १९८० च्या दशकातील विभागणी आता मागे पडत आहे. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या, एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये सर्व्हर आणि विंडो मॅनेजर ही दोन्ही कामे कंपोझिटर नावाचा एकच प्रोग्राम करतो, त्यामुळे जुने विंडो मॅनेजर तेथे जसेच्या तसे चालू शकत नाहीत. ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ ची आहे. तरीही तिची घडण लॅबडब्ल्यूसी या वेलँडच्या कंपोझिटरने पुढे चालवली असून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच मुळातच बसवलेला (डिफॉल्ट) म्हणून स्वीकारला. लॅबडब्ल्यूसीच्या सेटिंग्जची फाइल ओपनबॉक्सच्याच धाटणीची असल्याने आज जुळवलेला मेनू व कळांच्या जोड्या बऱ्याच अंशी तेथे नेता येतील. टिंट-टू मात्र केवळ एक्ससाठी असल्याने पट्टी दुसरी निवडावी लागेल.