ॲटली, क्लेमंट रिचर्ड

ॲटली, क्लेमंट रिचर्ड : (३ जानेवारी १८८३ – ८ ऑक्टोबर १९६७). ब्रिटनच्या मजूर पक्षाचे वीस वर्षे नेते आणि १९४५ ते १९५१ या काळातील पंतप्रधान. भारतीय स्वातंत्र्याचा कायदा त्यांच्या सरकारने केला, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात एका तारखेपुरते येते आणि तिथेच संपते. त्यांची खरी घडण लंडनच्या गोदी भागात आणि समित्यांच्या बैठकांत झाली. ती पाहिली म्हणजे त्या तारखेचाही अर्थ नीट लागतो.

लंडनजवळच्या पटनी येथे एका सुस्थितीतील सॉलिसिटरच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण हेलीबरी या निवासी शाळेत झाले. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात पाठवायचे मुलकी अधिकारी ज्या आवारात तयार करी, त्याच आवारात पुढे ही शाळा भरू लागली. नंतर ऑक्सफर्डला इतिहासाची पदवी घेऊन १९०६ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्या वयात त्यांची मते जुन्या वळणाची, साम्राज्याभिमानी होती.

त्यांना बदलले ते पूर्व लंडनच्या स्टेपनीने. हेलीबरीचे माजी विद्यार्थी तिथे कामकरी मुलांसाठी एक क्लब चालवत. ॲटली १९०५ मध्ये तो पाहायला गेले आणि पुढे त्याचे व्यवस्थापक होऊन तिथेच राहू लागले. गोदीत त्या दिवसापुरते काम मिळेल या आशेने पहाटे फाटकाशी उभे राहणारे मजूर आणि एकेका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे त्यांनी रोज पाहिली. त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. वाटेत भेटलेल्या एका लहान मुलीने ‘कुठे निघालात?’ असे विचारले. ‘घरी, चहा-फराळाला,’ असे ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, ‘मीपण घरीच चाललेय, खायला काही आहे का ते बघायला.’ दानधर्माने हे दुःख हटणार नाही, त्याला कायदा आणि सरकारी तिजोरीच हवी, या निष्कर्षाला ते स्टेपनीत पोचले. १९०८ मध्ये ते मजूर पक्षाशी संलग्न असलेल्या स्वतंत्र मजूर पक्षात दाखल झाले.

पहिल्या महायुद्धात ते स्वखुशीने लढायला गेले, तर त्यांचे थोरले बंधू टॉम यांनी युद्धाला विवेकाचा विरोध म्हणून तुरुंगवास पत्करला. दोघांचा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागरातून सैन्य मागे घेतले गेले, तेव्हा किनारा सोडणाऱ्यांत ॲटली शेवटून दुसरे होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) हन्ना येथे ते जखमी झाले. कूत येथे वेढ्यात अडकलेल्या फौजेची सुटका करण्यासाठी ती लढाई चालली होती. अडकलेली फौज म्हणजे सहावी (पुणे) डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या.

१९१९ मध्ये ते स्टेपनीचे महापौर झाले आणि १९२२ मध्ये शेजारच्या लाइमहाउसमधून पार्लमेंटात गेले. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची धूळधाण झाली, मोठमोठे नेते पडले. ॲटली अवघ्या ५५१ मतांनी तरले. उरलेल्या मूठभर खासदारांत बोलू शकणारे थोडेच, त्यामुळे घरबांधणीपासून परराष्ट्र व्यवहारापर्यंत सगळ्या विषयांवर त्यांना सभागृहात उभे राहावे लागले. १९३५ मध्ये ते पक्षाचे नेते झाले, तेव्हा ही तात्पुरती सोय आहे असे बहुतेकांनी धरले होते. ती डिसेंबर १९५५ पर्यंत टिकली.

मे १९४० मध्ये तत्कालीन पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करण्यास मजूर पक्षाने नकार दिला आणि चर्चिल यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त सरकार आले. युद्ध मंत्रिमंडळात आरंभापासून संयुक्त सरकार संपेपर्यंत राहिलेले दोनच सदस्य, चर्चिल आणि ॲटली. १९४२ पासून ॲटली उपपंतप्रधान होते. चर्चिल परदेशी गेले की बैठकीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे येई, आणि कार्यक्रमपत्रिका वेळेत संपे. ते आधी सगळ्यांचे ऐकत, मग दोन वाक्यांत निर्णय सांगत आणि पुढचा विषय घेत. निर्णय झालेल्या विषयावर कोणी पुन्हा बोलू लागले तर त्याला थांबवत. १९४५ मध्ये पक्षाचे अध्यक्ष हॅरल्ड लास्की यांनी परराष्ट्र धोरणावर जाहीर वक्तव्यांचा सपाटा लावला, तेव्हा ॲटलींनी त्यांना लिहिले की आपण काही काळ मौन पाळलेत तर ते स्वागतार्ह ठरेल. त्यांच्या भाषणात चर्चिलचा झगमगाट नव्हता. पण अर्नेस्ट बेव्हिन, अन्यूरिन बेव्हन, हर्बर्ट मॉरिसन, स्टॅफर्ड क्रिप्स अशी एकमेकांशी न पटणारी दांडगी माणसे १९४५ नंतरच्या आपल्या मंत्रिमंडळात पाच वर्षे बांधून ठेवणे हे त्या काळातले सर्वांत अवघड राजकीय काम होते, आणि ते त्यांनी केले.

२६ जुलै १९४५ रोजी निकाल लागले. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. नेता पुन्हा निवडावा अशी खटपट मॉरिसन यांनी चालवली होती. ॲटली तिकडे लक्ष न देता सरकार बनवण्याचे राजाचे आमंत्रण घ्यायला राजवाड्याकडे निघाले. छोटी घरची गाडी पत्नी व्हायोलेट चालवत होत्या.

पुढच्या सहा वर्षांत त्या सरकारने केलेले काम थक्क करणारे आहे. बँक ऑफ इंग्लंड, कोळसा, रेल्वे, वीज, गॅस आणि शेवटी पोलाद सरकारी मालकीत आले. १ जानेवारी १९४७ रोजी खाणीखाणीवर फलक लागले : ही खाण यापुढे राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवेल. बेकारी, आजारपण, म्हातारपण आणि बाळंतपण यांसाठी राष्ट्रीय विमा आला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिची आखणी आरोग्यमंत्री बेव्हन यांची, पण डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध आणि मंत्रिमंडळातली कुरकुर यांत ॲटली त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हे सारे कर्जबाजारी देशात घडले. युद्धातही ज्यावर कधी रेशन नव्हते त्या पावावर १९४६ मध्ये रेशन आले, १९४७ च्या हिवाळ्यात कोळशावाचून कारखाने थांबले आणि १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणावा लागला. अणुबाँब बनवण्याचा निर्णय १९४७ च्या जानेवारीत मोजक्या मंत्र्यांच्या समितीत झाला आणि पूर्ण मंत्रिमंडळापासूनही तो लपवला गेला. लोकशाहीवर एवढा विश्वास असलेल्या माणसाच्या नावावरचा हा डाग आहे.

भारताशी त्यांचा संबंध सायमन कमिशनपासूनचा. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी हे कमिशन मुंबईला उतरले, तेव्हा काळी निशाणे आणि ‘सायमन, गो बॅक’च्या घोषणा यांनी त्याला गाठले. सात सदस्यांपैकी एक ॲटली होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कमिशनपुढे साक्ष दिली. कमिशनचा अहवाल निष्फळ ठरला, पण दोन वर्षांच्या या कामाने ॲटलींना भारताच्या प्रश्नाची गुंतागुंत कळली. ब्रिटिश सत्तेने इथे दीर्घकाळ राहू नये, हे मत पुढे त्यांच्या मनात पक्के होत गेले.

तरीही त्यांना भारताचा निखळ मित्र म्हणणे खरे होणार नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल परदेशी होते, आणि काँग्रेस नेत्यांच्या अटकेला संमती देणारे युद्ध मंत्रिमंडळ ॲटलींच्या अध्यक्षतेखाली बसले होते. गवालिया टँकवरच्या ‘भारत छोडो’ ठरावानंतर ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. मराठी वाचकाने ही नोंद विसरू नये.

पंतप्रधान झाल्यावर त्यांनी भारताचा विषय आपल्या हाती ठेवला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचे बंड पेटले. तीन मंत्र्यांचे शिष्टमंडळ भारतात पाठवण्याचा निर्णय आधीच झाला होता, त्याची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली. बोलणी फिसकटल्यावर २० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटलींनी कॉमन्स सभेत जाहीर केले की जून १९४८ च्या आत सत्ता भारतीयांच्या हाती दिली जाईल. वाद लांबतो तेव्हा मुदत घालून द्यायची, ही त्यांची बैठकीतली पद्धत इथे एका खंडाएवढ्या देशाला लागू झाली. मुदतीमुळे इंग्रज खरोखर जाणार यावर लोकांचा विश्वास बसला. पण व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ती आणखी अलीकडे, १५ ऑगस्ट १९४७ वर आणली आणि लंडनने ते मान्य केले. स्वातंत्र्याच्या कायद्याला १८ जुलैला राजाची संमती मिळाली. ८ जुलैला भारतात आलेल्या सिरिल रॅडक्लिफ यांना पंजाब आणि बंगाल कापणारी रेषा आखायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. लाखोंचे बळी आणि कोटीभर माणसांची परागंदा अवस्था यांची जबाबदारी एकट्या लंडनची नाही, पण त्या घाईतला ॲटलींच्या मंत्रिमंडळाचा वाटा नाकारता येत नाही. ब्रह्मदेश आणि सिलोन १९४८ च्या आरंभी स्वतंत्र झाले. मलायात मात्र त्याच वर्षी या सरकारने आणीबाणी पुकारून लष्करी मोहीम सुरू केली.

१९५० मध्ये त्यांचे बहुमत अवघ्या पाचावर आले. १९५१ मध्ये चष्मे आणि दातांच्या कवळ्यांवर शुल्क लावल्याने बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्या वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख, म्हणजे चर्चिल यांच्या हुजूर पक्षापेक्षा अधिक मते पडली, तरी जागा कमी मिळाल्या आणि सत्ता गेली. १९५५ मध्ये ते नेतेपदावरून उतरून सरदारसभेत (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये) गेले. त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत बेव्हिन यांच्याजवळ आहेत. लाइमहाउसच्या ग्रंथालयाबाहेर १९८८ मध्ये त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. पुढे त्याची फार मोडतोड झाली. तो दुरुस्त करून २०११ मध्ये जवळच माइल एंड येथील विद्यापीठाच्या आवारात बसवला, आणि आज तो तिथे स्टेपनीच्याच परिसरात आहे.