‘पौष्टिक आहार द्या’ एवढं सांगून बाळ जेवत नाही

अंगणवाडीच्या भिंतीवरचं ते पोस्टर सगळ्यांनी बघितलेलं असतं, ‘सहा महिन्यांनंतर बाळाला पूरक पौष्टिक आहार द्या’, बाजूला गुटगुटीत बाळ, हसरी आई, आणि ताटात सफरचंद, अंडं, दूध, पालेभाजी सगळं एकाच वेळी. वाक्यात चूक काहीच नाही. पण सकाळी भाकऱ्या थापून शेतावर जायची घाई असलेल्या बाईने ते वाचून नेमकं काय करायचं? तिला विचारा, ती म्हणेल देते की, रोज वरणाचं पाणी देते. आणि तिच्या मते तिने पोस्टरवरचंच केलेलं असतं.

या वरणाच्या पाण्यावर जरा थांबू, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे बाळाचं पहिलं अन्न म्हणजे वरणाचं वरचं पाणी नाहीतर भाताची पेज, गाळून पातळ केलेली, का तर दात नाहीत, घशात अडकेल, पचणार नाही. भीती समजण्यासारखी आहे. पण हिशोब बघा. या वयात बाळाच्या पोटात किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी वाटीभर, जास्त नाही. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाशिवाय रोज २०० कॅलरीच्या आसपास बाहेरच्या खाण्यातून जायला हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर साडेपाचशे. वाटीभर पाण्याने पोट टम्म होतं, रडणं थांबतं, आईला वाटतं जेवला बाबा, आणि आत मात्र जवळपास काहीच गेलेलं नसतं. त्यात जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत आलेला असतो आणि दुधात लोह फारसं नसतं. म्हणजे गरज वाढली नेमकी तेव्हाच ताटात पाणी.

आता तेच दुसऱ्या पद्धतीने सांगून बघा. वरणाचं पाणी नको, तळाची डाळ घ्या, त्यात भात बोटाने कुस्करा, चमचा तिरका केला तरी घास पटकन ओघळता कामा नये, वरून थोडं तेल किंवा तूप. पातेलं तेच, डाळ तीच, खर्च जवळपास शून्य. अडकण्याच्या भीतीचं उत्तरपण त्यातच आहे कारण कुस्करायला सांगितलंय. याला म्हणतात वर्तनबदलाची मार्गदर्शक सूचना, आणि अशी एक ओळ लिहायला जेवढी मेहनत लागते तेवढी अख्ख्या पोस्टरला लागत नाही.

ही ओळ ऑफिसात बसून सुचत नाही. त्यासाठी एक जुनी आणि भारी पद्धत आहे, ट्रायल्स ऑफ इम्प्रूव्हड प्रॅक्टिसेस, शॉर्टमध्ये टिप्स. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंडोनेशियातल्या पोषणाच्या कामात मॅनॉफ ग्रुप नावाच्या संस्थेने ती वापरली आणि मग ती बऱ्याच देशांत पसरली. यात थोड्याच घरांत जायचं पण परत परत जायचं. पहिल्या भेटीत सल्ला द्यायचाच नाही, फक्त विचारायचं, काल सकाळपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं, कुणी भरवलं, तेव्हा तुम्ही कुठे होता, उरलेलं कुणी खाल्लं. दुसऱ्या भेटीत त्या घराला झेपतील असे दोन-तीन बदल समोर ठेवायचे आणि आईला निवडू द्यायचं. इथे चक्क घासाघीस होते. ती म्हणते अंडं नाही जमणार, सासूबाई म्हणतात बाळाला उष्ण पडतं, मग बरं डाळ घट्ट करणार का, हो ते करते, किती वेळा, दोनदा, तीनदा नाही का जमणार, दुपारी मी घरी नसते. मग दुपारी कोण असतं? आजी. झालं, म्हणजे दुपारचा घास आजीशी बोलल्याशिवाय होणार नाही हे कळलं. आठवडाभराने तिसरी भेट, केलंत का, काय अडलं, तुम्ही त्यात काय बदललंत, पुढे करणार का, शेजारणीला सांगाल का.

या तिसऱ्या भेटीत खरा माल मिळतो. कोणता बदल बहुतेक घरांनी केला, कोणता कुणीच केला नाही, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी केला त्यांनी त्याचं कारण स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं. ‘कुपोषण टळतं’ असं आई सहसा म्हणत नाही, ती म्हणते रात्री उठत नाही आता, सलग झोपतो. मग सूचना लिहिताना कारण तिचंच घालायचं.

आता गोळ्यांकडे वळू. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, एका गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, सरकारी दवाखान्यात फुकट. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता, आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया फक्त २६ टक्के. लगेच सगळे म्हणतात जागृती नाही. अहो, गोळ्या रक्तासाठी असतात हे तिला माहीत असतं! तिला मळमळतं, शी काळी होते म्हणून ती घाबरते, बद्धकोष्ठ होतो, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की या गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं. यातल्या एकाही गोष्टीला ‘लोह घ्या, सशक्त व्हा’ या घोषणेत उत्तर नाही. उत्तर म्हणजे गोळी रात्री जेवण झाल्यावर घ्या म्हणजे मळमळ झोपेत निघून जाईल, चहाबरोबर नको कारण चहा लोह अंगी लागू देत नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणात लिंबू पिळा, आणि शी काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे शेवटचं वाक्य गोळ्यांचं पाकीट हातात देतानाच सांगायला पाहिजे, महिन्याभराने नाही, तोपर्यंत गोळ्या डब्यात गेलेल्या असतात.

पण वर्तन बदलायचं ते नेहमी आईचंच, हे मला पटत नाही. त्याच सर्वेक्षणातले दोन आकडे शेजारी ठेवा. देशात जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं ४२ टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे त्या पहिल्या तासात बहुतेक आया नर्स-डॉक्टरांच्या नजरेसमोर होत्या, घरी नव्हत्या, मग अडलं कुठे? बाळ वजनाला नेलं, पुसलं, गुंडाळून बाहेर नातेवाईकांना दाखवलं, आई टाक्यांसाठी टेबलवर, तास गेला. इथे मार्गदर्शक सूचना हवी लेबर रूममधल्या स्टाफसाठी. घरची बाजू आहेच म्हणा, मध चाटवणं, पहिलं चिकाचं दूध जड म्हणून पिळून टाकणं. गायीच्या चिकाचा खरवस मात्र आपण वड्या पाडून, वेलची घालून, शेजारी वाटून खातो.

आई ऐकत नाही हे गृहीतकच किती पोकळ आहे ते शिवगडमध्ये दिसलं. उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यातला हा भाग, बहुतेक बाळंतपणं तेव्हा घरी, बाळाला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची पद्धत, त्यामुळे अंग गार पडायचं. विश्वजीत कुमार आणि सहकाऱ्यांनी आधी गावात राहून लोक बाळंतपणात काय करतात आणि का करतात ते समजून घेतलं, मग आईच्या उघड्या छातीला बाळ लावून ऊब देणं, आंघोळ लांबवणं, लवकर दूध पाजणं अशा मोजक्याच गोष्टी घरोघरी आणि बैठकांतून सांगितल्या, आणि एकट्या सुनेला नाही तर सासू, दाई, पुरुष, शेजारी सगळ्यांना. २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे काही गावांत याच्या जोडीला बाळाला चिकटवायचा एक स्टिकरपण दिला होता जो अंग गार पडलं की रंग बदलतो. तिथे घट ५२ टक्के. म्हणजे स्टिकरने जास्तीचं काहीच दिलं नाही, काम बोलण्याने केलं होतं. गॅजेटवर खूश होणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा आकडा जरा खट्टू करणारा आहे.

दुसरं उदाहरण व्हिएतनामचं. १९९० मध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या कामासाठी तिथे गेलं, सरकारने मुदत दिली सहा महिने, पैसा तुटपुंजा. त्यांनी थान होआ प्रांतातल्या गावांत उलटा प्रश्न विचारला, अगदी गरीब असूनही कुणाची पोरं धडधाकट आहेत का? होती. त्या आया भाताच्या शेतातले बारीक कोळंबी-खेकडे आणि रताळ्याचा पाला बाळाच्या जेवणात घालत होत्या, जे बाकीचे लहान मुलांना चालत नाही म्हणायचे, आणि दोनदाच्या ऐवजी तीन-चारदा थोडं थोडं भरवत होत्या, हात धुवून. मग भाषणं न देता आयांनी एकत्र बसून रांधायचं आणि भरवायचं ठरलं, येताना प्रत्येकीने मूठभर कोळंबी, खेकडे, पाला आणायचा ही अट. आणायला लावलं म्हणून ते कुठे मिळतं हे हाताला कळलं. आपल्या किनाऱ्यावरचा सुका जवळा किंवा पावसाळ्यात ओढ्याला मिळणारे खेकडे, नाचणी, शेवग्याचा पाला, हेही असंच हाताशी असतं, आणि पोस्टरवर सफरचंद.

अर्थात या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी पुरेसा आहार मिळत होता जेमतेम अकरा जणांना. हे फक्त समजवण्याने सुटणारं नाही. लावणीच्या दिवसांत आई पहाटे जाते ती अंधार पडताना येते, बाळ पाच-सहा वर्षांच्या ताईकडे, त्या ताईला ‘दिवसातून चार वेळा घट्ट खिमट भरवा’ सांगून काय होणार? टिप्सच्या भेटींत एखाद्या सूचनेला घरामागून घर ‘वेळ नाही’ किंवा ‘घरात नसतं’ म्हणत असेल तर ती सूचना कागदावरून काढून टाकायची आणि ती अडचण वरच्या साहेबांकडे पाठवायची, हे खरं तर त्या पद्धतीतच बसतं, पण होतं असं की सूचना तशीच छापली जाते आणि अडचण फाईलमध्ये राहते.

छत्तीसगडच्या सरगुजात २०१२ मध्ये हीच अडचण धरून फुलवारी नावाची पाळणाघरं सुरू झाली. पाड्यावरच्या आया पाळीपाळीने घरी थांबतात, सहा महिने ते तीन वर्षांची सगळी पोरं एका घरात, गरम जेवण तिथेच शिजतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही मिळतं, पंचायतीकडून पैसे येतात आणि हिशोब आयाच ठेवतात. वरणाच्या पाण्याऐवजी तळाची डाळ घ्या हे तिथे वेगळं सांगत बसावं लागत नाही, ज्या बाईची पाळी असते ती दहा जणींच्या पोरांसमोर घास कुस्करत असते आणि दुसऱ्या दिवशी पाळी पुढचीची असते.