सरासरी म्हणजे हँडिकॅप नव्हे

शनिवारी सकाळी पोरांचा गोल्फचा खेळ संपला की कोणीतरी पालक मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर उघडतो, पाच कार्डांवरच्या शॉटची बेरीज करतो, पाचने भागतो, पार (म्हणजे अपेक्षित शॉटची ठरलेली संख्या) वजा करतो आणि सांगतो, "सर, ह्याचा हँडिकॅप बारा पॉइंट आठ आला बघा." नाही आला. ती सरासरी आली. दोन वर्षं हे एकच वाक्य बोलून माझा घसा बसलाय, म्हणून आता लिहून ठेवतो.

सरासरी काय असते ते कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या. सरासरीत त्या ४४३ही येतात आणि एखाद्या दिवशीचा भोपळाही येतो. सगळं एका पातेल्यात ओतायचं आणि ढवळायचं. खेळाडू साधारणपणे काय करतो, हे त्यातून कळतं. पुढे.

हँडिकॅप वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: हे पोर चांगलं खेळलं तर किती चांगलं खेळतं? त्यासाठी सगळी कार्डं नको असतात, फक्त चांगली, म्हणजे कमी शॉटची, लागतात. २०२० पासून जगभर जी एकच पद्धत लागू झाली, तिच्यात शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ च धरतात. उरलेल्या १२ कितीही वाईट असोत, कुणी विचारत नाही. बाकी तिच्यात मैदान किती अवघड, कच्च्या खेळाडूला ते आणखी किती अवघड (त्याला 'स्लोप' म्हणतात), असा बराच हिशेब आहे. आमच्या माळावर सगळी पोरं त्याच सहा होलांवर खेळतात, त्यामुळे तो हिशेब आम्ही सोडून दिलाय आणि तुम्हीही सोडा.

आमची पद्धत अशी. सहा छोटी होल, प्रत्येकाचा पार ३, म्हणजे एकूण १८. एका होलवर ८ शॉट झाले की ८ लिहायचे, बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं. नाहीतर एकाच खड्ड्याशी रडारड सुरू होते आणि मागची पोरं उन्हात ताटकळतात. शेवटच्या पाच कार्डांतली उत्तम दोन घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, १८ वजा करायचे, अर्धा उरला तर सोडून द्यायचा. जो आकडा येईल ती त्या पोराची सूट. स्पर्धेत एकूण शॉटमधून सूट वजा करायची. संपलं. चौथीच्या पोराला जमतं. बापाला जमत नाही, कारण त्याला पाचही कार्डं हवी असतात.

"पण सगळी घेतली तर बिघडतं कुठे?" इथेच सगळे अडकतात. दोन पोरं घेऊ. एक दांडगोबा: जोरात मारतो, लागला तर सुसाट, नाहीतर बॉल थेट उसात. त्याची कार्डं ३१, २७, ३५, २८, ३३. दुसरी नेटकी: दर वेळी सरळ, आखूड, शांत. तिची २५, २४, २६, २५, २५. सरासरीने सूट काढली, अपूर्णांक सोडला, तर दांडगोबाला १२ मिळतात आणि नेटकीला ७. दिसायला अगदी न्याय्य.

आता दोघांचा सर्वात चांगला दिवस बघा. दांडगोबा २७ वजा १२, उरले १५. नेटकी २४ वजा ७, उरले १७. दोघंही आपापल्या परीने उत्तम खेळली, तरी तो दोन शॉटनी पुढे. त्याचा वाईट दिवसही असतो की, ३५ वजा १२, म्हणजे २३. पण वाईट दिवशी शेवटचा आला काय किंवा नववा आला काय, बक्षिसाला फरक पडत नाही. स्पर्धा जिंकतो तो त्या दिवशी ज्याचं नशीब उघडलंय तो. बारा पोरांत चार दांडगोबा असले, तर दर शनिवारी त्यातल्या एकाचा तरी दिवस उजाडतोच. कप फिरून फिरून त्या चौघांच्याच घरी जातो आणि नेटकी दर वेळी दुसरी. तीन महिन्यांनी ती म्हणते, "सर, मी बॅडमिंटनला जाते." गणित चुकलेलं नसतं, पोरगी मात्र गेलेली असते.

उत्तम दोन कार्डांनी काढा. दांडगोबाची २७ आणि २८, म्हणजे साडेसत्तावीस, सूट ९. नेटकीची २४ आणि २५, म्हणजे साडेचोवीस, सूट ६. उत्तम दिवशी तो २७ वजा ९, ती २४ वजा ६. दोघंही १८ वर. बरोबरी. आणि नेहमीच्या दिवशी तो ३१ वजा ९, म्हणजे २२. ती २५ वजा ६, म्हणजे १९. सातत्याला मोल आलं. मला हेच हवंय, आणि यावर मी वाद घालत नाही.

सरासरीचा दुसरा रोग याहून वाईट आहे. पोरं भाबडी नसतात. दांडगोबाने ३५ च्या जागी मुद्दाम ४५ काढले, तर त्याची सरासरी दोन शॉटनी वाढते आणि पुढच्या आठवड्यासाठी सूट १२ ची १४ होते. मुद्दाम वाईट खेळण्याचं बक्षीस! उत्तम दोनच्या हिशेबात त्या ४५ ला काडीची किंमत नाही.

म्हणूनच "आज हा हँडिकॅपला खेळला नाही" अशी तक्रार माझ्याकडे आणू नका. तो आकडा चांगल्या दिवसाचा आहे. मोठी, कसलेली माणसंसुद्धा चार-पाच फेऱ्यांतून एकदाच तिथवर पोहोचतात. आणि पोर चांगलं खेळल्यावर सूट कमी झाली, की "जिंकल्याची शिक्षा" म्हणूही नका. सूट कमी होणं म्हणजे वरच्या इयत्तेत जाणं.

बाकीचे घोळ किरकोळ. छापील स्कोअरकार्डावर होलांपुढे १ ते १८ आकडे असतात, त्यांनाही काही जण हँडिकॅप म्हणतात. तो होलांच्या अवघडपणाचा क्रम आहे, पोराचा त्याच्याशी संबंध एवढाच की सूट कुठल्या होलवर मिळणार ते त्यावरून ठरतं. कुस्तीतला वजनगट म्हणजेही हँडिकॅप नव्हे. वजनगट असमानांना वेगळं करतो, हा त्यांना एकत्र खेळवतो. एका आजोबांना शब्दच टोचला, "आमच्या नातवाला काय झालंय?" म्हणाले. काही झालेलं नाही, आजोबा. घोड्यांच्या शर्यतीत तगड्या घोड्यावर जादा वजन लादतात, तिथून हा शब्द खेळात आला. दुसरा अर्थ त्याला नंतर चिकटला. तरी मी पोरांसमोर 'सूट'च म्हणतो.

एका शब्दाची मात्र मला चीड आहे: लिंबूटिंबू. सूट १५ असलेल्या सात वर्षांच्या पोरीला दादालोक लिंबूटिंबू म्हणतात. लिंबूटिंबू कधी आऊट होत नाही आणि कधी जिंकतही नाही, तो खेळात नसतोच. या पोरीचा शॉट न् शॉट मोजला जातो, आणि गेल्या महिन्यात तिने त्याच दादालोकांना एका शॉटने हरवलं. त्या दिवसापासून तिची सूट १३ आहे. नव्या पोराची तीन कार्डं झाली की त्यातलं उत्तम एकच धरायचं. तोवर खेळायचं, कार्ड लिहायचं, बक्षिसाला नाव नाही. कार्ड पोरानेच लिहायचं, पालकांनी पेन्सिलीला हात लावायचा नाही.