दात येताना ताप-जुलाब होतातच का?

‘बाळाला दात येतायत, ताप-जुलाब होणारच, डॉक्टर कशाला?’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण दोन्ही एकाच वयात घडतं. साधारण ६ महिन्यांचं झालं की दात येऊ लागतात. त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. ताप-जुलाब होतात ते जंतुसंसर्गाने. दातांमुळे लाळ गळते, हिरड्या दुखतात, अंग किंचित कोमट लागतं, एवढंच.

हात लावून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला तर कारण दुसरं आहे. ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लगेच डॉक्टर गाठा, मध्यरात्र असली तरी. जुलाबात लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, टाळू खोल गेली, तर अजिबात थांबू नका.