काचेचं कोरीवकाम: चाक, आम्ल आणि वाळू

काच कोरायला शिकणाऱ्याच्या हाती मुंबईत बहुधा पहिल्यांदा सँडब्लास्टची, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा झोत मारणारी, बंदूक पडते. चाक, आम्ल आणि वाळू या तिघांतलं ते सगळ्यात धाकटं हत्यार.

सगळ्यात जुनं चाक. फिरतं तांब्याचं चाक, त्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड. रत्नं कोरण्याची ही रीत प्रागमध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारातल्या कास्पर लेमानने काचेवर नव्याने रुजवली, आणि १६०९ मध्ये त्याला त्याचा खास हक्कही मिळाला.

मग आम्ल. १६७० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या हाइनरिख श्वानहार्टने आम्लाने काच खाल्ली जाते हे दाखवलं, असं मानतात. १७७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शीलेने हायड्रोफ्लोरिक आम्लाचा अभ्यास केला. इथे कोरायचं नसतं, झाकायचं असतं: मेण किंवा डांबर लावायचं, रेषेपुरतं खरवडायचं, उघडी जागा आम्ल खातं. नुसत्या आम्लाने ती जागा नितळच राहते. दुधी छटेसाठी फ्लोराइडचे क्षार मिसळावे लागतात. हे आम्ल घरी आणू नये. पातळ आम्लाची जखम काही तास दुखतही नाही, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

१८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमनने वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं. आम्लाची भीती गेली, झाकण मात्र राहिलं; मेणाच्या जागी आज विनाइलचा चिकट प्लास्टिक पापुद्रा.

सीएसएमटीच्या किंवा राजाबाई टॉवरच्या खिडक्या या परंपरेत सर्रास घुसडल्या जातात. ती रंगीत काच, शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली. कोरीव नव्हे. मराठी मुलखाचा काचधंदाही, तळेगावचा पैसा फंड कारखाना (१९०८) असो की ओगलेवाडी (१९१६), फुंकलेल्या नि साच्यातल्या काचेचा. दारं-खिडक्या कोरायला लागते सपाट, एकसारख्या जाडीची काच. ती पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीने सहज मिळू लागली.

नुसती दुधी नक्षी सोपी: १२० ते २२० ग्रिटची (झोतातल्या कणांची; आकडा मोठा तितके कण बारीक) ॲल्युमिनियम ऑक्साइड, हवेचा ३० ते ४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, पातळ विनाइल. खोल कोरायचं तर जाड रबरी झाकण हवं, नाहीतर कडा उचकटतात आणि खाली दुधी भुरका शिरतो. काच मागून कोरली जाते, त्यामुळे चित्र उलटं काढावं लागतं. पुढे दिसायची पाकळी सगळ्यात आधी उघडायची आणि सगळ्यात खोल न्यायची, मग तिच्यामागची. सगळं विनाइल एकदम सोललं की पाकळ्या एकमेकींत विरघळून एक खड्डा उरतो. नवशिक्यांचं कमळ बहुतेक वेळा इथेच मरतं.

नदीची वाळू वापरू नका. तिच्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. बंद पेटी आणि धूळ ओढणारा पंखा कुठल्याही ग्रिटला लागतोच.

मुंबईच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ग्रिटचे गोळे होतात, नोझल उचक्या देतं. टाकी रोज रिकामी करावी, पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर लावावा.

दाराची ऑर्डर असेल तर आधी विचारायचं, काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, हवी का? हवी असेल तर कोरून झाल्यावरच भट्टीत पाठवायची. आधीच टफन केलेल्या काचेत खोल गेलात, की पूर्ण दार पेटीतच चुरा होतं.