गनड्रिलचं टोक मधोमध आणू नका

ट्विस्ट ड्रिलला, म्हणजे पिळदार खाचांच्या नेहमीच्या ड्रिलला, हाताने धार लावणारा मुरलेला कारागीर बघा. ड्रिल घासायच्या चाकाला टेकवतो, शँक (मागचा दांडा) किंचित खाली झुकवतो, अर्धा फेरा देऊन दुसरी बाजू तशीच घासतो आणि मग ड्रिल उजेडाकडे धरून दोन्ही लिप (टोकाच्या कापणाऱ्या धारा) सारख्या आल्या का ते न्याहाळतो. एक लिप लांब राहिली की भोक मोठं पडतं. त्यामुळे टोक मधोमध आलं पाहिजे, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. हीच नजर घेऊन तो गनड्रिलकडे, म्हणजे खोल, सरळ भोकं पाडणाऱ्या लांब ड्रिलकडे, वळला की घोळ होतो, कारण तिथे टोक मुद्दामच बाजूला ठेवलेलं असतं.

शिकाऊ असताना मी हा पराक्रम केलेला आहे. 12 मिमीच्या गनड्रिलचं टोक मला सरकलेलं दिसलं आणि मी ते इमानदारीत 'दुरुस्त' केलं. मशीनवर चढवल्यावर ते किंचाळायला लागलं, भोक मापात येईना, आणि माझं काय चुकलं हेच मला कळेना.

चुकलं होतं ते असं. ट्विस्ट ड्रिलच्या दोन लिप समोरासमोर कापतात आणि एकमेकींचा आडवा रेटा खोडून काढतात. मध्यावर या दोन लिपना जोडणाऱ्या चिझल एजला गती जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती धातू कापण्यापेक्षा दाबून बाजूला सारते. गनड्रिलला सरळ, व्ही आकाराची एकच फ्ल्यूट (कीस बाहेर नेणारी खाच) आणि कापणारी धार एकाच बाजूला. रेटा खोडायला समोर कोणी नाही. तो रेटा डोक्याच्या परिघावरचे पॅड, म्हणजे टेकण्याचे पट्टे, घेतात. नुकत्याच कापलेल्या भोकाच्या भिंतीला टेकून ते ड्रिलला सरळ वाट दाखवतात. म्हणूनच गनड्रिल व्यासाच्या शंभरपट खोलीही एका दमात गाठू शकतं. साधं ट्विस्ट ड्रिल मात्र चार-पाच पटींच्या पुढे गेलं की चिप (धातूचा कीस) काढायला वारंवार बाहेर ओढावं लागतं.

पॅडवर किती रेटा येणार, हे टोकाच्या जागेवर आणि कोनांवर ठरतं. नेहमीच्या ग्राइंडमध्ये (धारेच्या ठेवणीत) टोक परिघापासून व्यासाच्या पाव अंतरावर असतं, टोकापासून काठाकडच्या धारेचा (बाहेरचा) कोन 30 अंश आणि मध्याकडच्या धारेचा (आतला) 20 अंश. हे कोन अक्षाला काटकोनात असलेल्या पातळीपासून मोजायचे. म्हणजे 12 मिमीच्या ड्रिलवर टोक काठापासून 3 मिमी आत. तिथून धार बाहेरच्या काठापर्यंत सुमारे 1.73 मिमी उतरते आणि मध्यापर्यंत सुमारे 1.09 मिमी. आरपार न गेलेलं भोक कापून पाहिलं तर तळाशी गोल खाच आणि मधोमध छोटा उंचवटा दिसतो. ट्विस्ट ड्रिलचा तळ साध्या शंकूसारखा असतो. धातूप्रमाणे हे कोन बदलतात, तेव्हा ड्रिल बनवणाऱ्याचा तक्ता समोर ठेवलेला बरा.

धार लावताना ड्रिल धरून ठेवणारं फिक्स्चरही यामुळेच वेगळं. ट्विस्ट ड्रिलचं फिक्स्चर एकदा लावलं की पहिली लिप घासायची, 180 अंश फिरवायचं, दुसरी घासायची. गनड्रिलला तसं फिरवण्यात काही अर्थच नाही. त्याचं फिक्स्चर टूल अँड कटर ग्राइंडरवर किंवा सर्फेस ग्राइंडरवर बसतं, आणि प्रत्येक सपाट पैलूसाठी त्याच्या अंशांच्या खुणा वेगळ्या लावून घट्ट आवळायच्या: बाहेरच्या धारेचा पहिला रिलीफ (धारेमागचा उतार), त्यामागचा दुसरा, मग आतल्या धारेचा. हाताचा झोल इथे चालत नाही. ड्रिल व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही खाचेच्या ठोकळ्यात) ठेवताना फ्ल्यूटची कापणारी भिंत स्टॉपला बिनचूक टेकली पाहिजे, कारण ती थोडी जरी फिरली तरी पुढचे सगळे पैलू तेवढेच चुकतात. लांब शँकला मागे त्याच उंचीचा आधार द्या. तो लोंबकळला तर टोक वर उचललं जातं.

शेवटचा पैलू कूलंटच्या (धार गार ठेवणाऱ्या तेलाच्या) वाटेचा. ट्विस्ट ड्रिलवाल्याच्या तो डोक्यातही येत नाही, पण माझ्या मते सर्वात जास्त ड्रिल इथेच बिघडवले जातात. टोकातल्या छिद्रातून दाबाने आलेलं तेल धारेपर्यंत पोचायला मागच्या खांद्यावरून वाट हवी. ती कमी घासली तर धार तहानलेली राहते आणि चिप फ्ल्यूटमध्ये अडकते. जास्त घासली तर तेल धारेला न भिडता मागच्या मागेच निसटतं, आणि पॅडचा आधारही कमी होतो.

चाकाचं थोडक्यात: हायस्पीड स्टीलच्या ट्विस्ट ड्रिलला अॅल्युमिनियम ऑक्साइड, गनड्रिलच्या अतिकठीण कार्बाइडच्या टोकाला डायमंड. डायमंड चाक शँकच्या पोलादावर घासू नका, फुकट झिजतं. तापलेलं कार्बाइड पाण्यात बुडवलं तर तडकतं.

धार लावता लावता दोन्ही ड्रिल बदलतात, पण उलट्या तऱ्हेने. ट्विस्ट ड्रिलचं वेब (खाचांमधला गाभा) शँककडे जाड होत जातं, त्यामुळे आखूड झालेल्या ड्रिलची चिझल एज रुंदावते आणि ती पातळ करावी लागते. गनड्रिलच्या टोकाला मागे हलका उतार असतो, त्यामुळे दर खेपेला व्यास किंचित घटतो. मापाचं भोक हवं असेल तर धार लावल्यावर मायक्रोमीटर लावाच. बाहेरच्या कोपऱ्यावरची झीज पूर्ण निघाली का, तेही भिंगातून बघा. थोडी उरली तरी ड्रिल पुन्हा किंचाळणार.

आणि धार कशी आली हे बघायला गनड्रिल हवेत फिरवू नका. ट्विस्ट ड्रिलला ते खपतं. इथे टोक बुशमध्ये (वाट दाखवणाऱ्या नळीत) किंवा आधी पाडलेल्या पायलट भोकात शिरण्याआधी पूर्ण वेग दिला, तर लांब शँक चाबकासारखा फटकारतो.